उतारावरचं सोयाबीन

"मम्मी, पुलावर सोयाबीन पडलं का?"

परवा सकाळी प्रज्ञाचा फोन आला. जेवलीस का, झोपलीस का, काही नाही. माझ्या लेकीनं एवढंच विचारलं. ती आता संभाजीनगरला शिकते. मी गॅसवरच्या दुधाकडे बघत होते. "न्हाई गं, अजून कुठं," म्हणाले आणि दूध उतू गेलं. खोटं बोलले की माझ्या हातून काहीतरी सांडतंच. खरं तर आदल्या दिवशी शाळेतून येताना मी बघितलं होतं. पुलाच्या पायथ्याशी पिवळा लांबलचक पट्टा, आणि कडेनं गाड्यांनी चढू नये म्हणून लावलेले दगड. 

आमच्याकडे हा ऋतू आधी नाकाला कळतो. पाऊस ओसरतो, ऊन पुन्हा चटके द्यायला लागतं, आणि मळणीयंत्रातून निघालेल्या सोयाबीनचा कोंदट, कच्च्या तेलाचा वास गावागावांतून शहरात शिरतो. अंबडकडे जा की भोकरदनकडे, रस्ता अर्धा गाड्यांचा आणि अर्धा सोयाबीनचा. गाडीवाले शिव्या देतात आणि बाजूनं जातात, कारण त्यांचंही कुठंतरी पसरलेलं असतंच. पूर्वी मला हा वास आवडायचा. दिवाळी आली, शाळेला सुट्टी लागणार, असं वाटायचं. गेल्या वर्षापासून मात्र तो आला की मी खिडक्या लावून घेते.

पूल म्हणायचा, पण तो पूल नाही. आमच्या कॉलनीमागं रेल्वेवरून जाणारा रस्ता बांधायला घेतला, आमच्या बाजूचा चढ पूर्ण झाला, छान गुळगुळीत काँक्रीट झालं, कठडे झाले, आणि रुळांच्या अलीकडे काम थांबलं ते थांबलंच. वरच्या टोकाला सिमेंट भरलेली पिंपं आडवी ठेवली आहेत. पिंपांच्या पलीकडे रस्ता नाही, नुसती हवा आहे. वाहनं नाहीत म्हणून तो चढ सगळ्यांचा झाला. सकाळी फिरणाऱ्यांचा, पापड-कुरडया वाळवणाऱ्यांचा, सोयाबीनवाल्यांचा. आणि माझ्या मुलीचा.

माझी मुलगी बर्फावर घसरते. म्हणजे स्कीइंग करते. कॉलेजात एनसीसीत होती, तिथून तिची तिकडे उत्तरेत, डोंगरात, स्कीइंगच्या पहिल्या कोर्सला निवड झाली. आमच्या घरात कुणी बर्फाचा डोंगर बघितलेला नव्हता. तिचे पप्पा एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात आहेत, भट्टीसमोर उभं राहून त्यांची पंचवीस वर्षं गेली. ते म्हणाले, "आपल्याकडं बर्फ म्हंजे रसवंतीवरचा. तो बी भुश्यात गुंडाळून येतो." पण स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा त्यांनीच तिची बॅग दोनदा उघडून मोजे आहेत का बघितलं. महिन्याभरानं ती परत आली. ओठ सोललेले, नाक काळं पडलेलं, आणि डोळ्यांत काहीतरी असं की मी आपली पोरगी ओळखायला एक क्षण थांबले.

पुढचा कोर्स पुढच्या जानेवारीत होता. मधे दहा महिने, आणि जालना. तिला शिकवणाऱ्या उस्तादांनी निघताना सांगितलं होतं की, बर्फ नसेल तेव्हा पायांना विसरू देऊ नकोस. म्हणून तिनं रोलरब्लेड आणले, कुणाचे तरी वापरलेले. बूट, आणि बुटाखाली एका ओळीत चार चाकं. बर्फावर जसं उतरायचं तसंच यावर, असं ती म्हणायची. गुडघे वाकवायचे, नडगी बुटाच्या पुढच्या बाजूवर रेटायची, अंग पुढं टाकायचं, आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, नागमोडी वळत खाली यायचं. हातात बर्फावरच्या काठ्या हव्यात, त्या कुठून आणणार? तिनं वेळूच्या दोन काठ्या कापल्या आणि त्यांच्या टोकांना माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाचे रबर घातले. स्टूल अजून हलतं.

मी भित्री आहे, हे इथंच सांगून टाकते. अकरा वर्षांची असताना भावानं मला सायकलवर बसवून ओढ्याच्या उतारावर सोडून दिलं. "ब्रेक दाब, ब्रेक दाब" म्हणून तो मागून ओरडत राहिला, पण ब्रेक कुठं असतो ते सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं. हनुवटीला तीन टाके पडले. त्यानंतर अडतिसाव्या वर्षी मी स्कूटी शिकले, तीही बदली लांबच्या शाळेवर झाली म्हणून. अजूनही उतार आला की मी दोन्ही पाय खाली सोडते. माझ्या वर्गातली पोरं त्याला 'बाईंचं विमान उतरलं' म्हणतात, आणि मला ते ऐकू येतं हे त्यांना माहीत आहे.

तर अशा बाईसमोर त्या मुलीनं एके दिवशी पान्हा घेतला आणि उजव्या बुटाच्या टाचेला असलेला काळा रबरी ब्रेक काढून माझ्या हातावर ठेवला.

"हे काय करून राह्यलीस?"

"बर्फावर टाचेला ब्रेक नसतो, मम्मी. हा ठेवला तर पायाला खोटी सवय लागती. भ्या वाटलं की माणूस मागं झुकतं, टाच टेकवतं. आन् बर्फावर मागं झुकलं की संपलं."

"मंग थांबायचं कसं?"

"वळून. वळत राह्यलं की वेग आपोआप कमी होतो."

"आन् वळलं न्हाई गेलं तर?"

ती हसली. "तर तू हायेस ना खाली."

तो ब्रेक मी शिवणाच्या डब्यात ठेवला, बॉबिनांच्या शेजारी. फेकवला नाही. कधी बटण लावायला डबा उघडला की तो दिसायचा आणि मी सुई टोचून घ्यायचे.

आणि मी खरंच खाली असायचे. तो चढ जिथं संपतो तिथं कॉलनीचा रस्ता आडवा जातो, आणि सकाळी सहाला त्यावरून पहिल्या पाळीचे कामगार एमआयडीसीला जातात; मोटारसायकली, टेम्पो, झोपेतून उठून थेट निघालेली माणसं. म्हणून मी माझी लाल ओढणी घेऊन कोपऱ्यावर उभी राहायचे. ओढणी खाली म्हणजे थांब. ओढणी वर म्हणजे रस्ता मोकळा आहे, ये. एवढीच आमची भाषा. वर पिंपांपाशी ती बोटभर दिसायची. मी ओढणी वर करायचे, आणि तेवढ्यात माझा श्वास अडकायचा तो ती खाली येऊन माझ्याभोवती गर्रकन वळून थांबेपर्यंत. चाकांचा आवाज आधी बारीक, मग खर्रर्र, मग एकदम जवळ. ती पुन्हा वर चढायची. मी पुन्हा श्वास अडकवायचे. सकाळी फिरायला येणाऱ्या शबानाभाभी मला म्हणायच्या, "बाई, कसरत पोरगी करती आन् घाम तुम्हाला येतो."

चैत्रात काँक्रीट सकाळी सातलाच तापायचं. पावसाळ्यात शेवाळ धरायचं, तेव्हा ती घरात भिंतीला पाठ लावून अधांतरी बसून राहायची, घड्याळ समोर ठेवून. मांड्या थरथरायला लागल्या की उस्तादांचं नाव घ्यायची. मी भाजी चिरत तिच्याकडे बघायचे आणि माझ्या मनात यायचं, ही पुरे म्हणाली तर किती बरं होईल. आई होऊन असं मनात यावं याची लाज वाटायची, पण यायचं. दारावरच्या प्रत्येक टकटकीला मला वाटायचं की कुणीतरी सांगायला आलंय. ती समोर बसलेली असली तरी वाटायचं.

मग गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आला.

अशोक विजयादशमीचा दिवस होता. सकाळी आम्ही सगळे विहारात जाऊन आलो. पांढऱ्या साडीतच मी अंगणात उभी असताना भावानं शेतावरून आमच्या वाट्याचं सोयाबीन पाठवलं. दोन पोती. हात घातला तर ओल लागली. तसंच ठेवलं असतं तर दोन दिवसांत बुरशी धरली असती. गच्चीवर गळती थांबवायचं काम चालू होतं. मग मी काय केलं? सगळं जालना जे करतं तेच. पुलाच्या चढावर, खालून जरा वर, ताडपत्री न घालताच पसरलं. काँक्रीटवर थेट पसरलं की खालूनही तापतं, जल्दी वाळतं. कडेनं दगड लावले. प्रज्ञाला म्हणाले, "आज सुट्टी घे." सणाचा दिवस म्हणून तिनं घेतली.

चारच्या सुमारास बदनापूरच्या बाजूनं आभाळ काळं करून आलं. सगळ्या बायकांची पळापळ. मीही पळाले. साडी खोचली, खराट्यानं ओढून ढीग केला, सुपानं पोत्यात भरला. सोयाबीन भरलेलं पोतं एकटीनं ओढायचं म्हणजे कंबर बोलते. दुसरं पोतं बांधलं आणि मागं वळून बघितलं. काँक्रीटला मधे मधे आडव्या खाचा असतात, सांधे. एका सांध्यात आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे दाणे राहिले होते. फार नाहीत. ओंजळभर असतील.

मी ते बघितलं. खराटा हातात होता.

मनात आलं, उद्या ही घसरली तर? आणि त्याच्यामागोमाग, अगदी हळू, दुसरं काहीतरी आलं. थोडीशी घसरली तर सोडून तरी देईल.

तेवढ्यात गडगडलं. मी पोत्याला हात घातला आणि निघाले. पाऊस काही आलाच नाही त्या दिवशी. आला असता तर दाणे वाहून गेले असते. मी गडगडाटाला घाबरून निघाले की त्या दुसऱ्या विचारामुळे, हे मी वर्षभर स्वतःला विचारलं आहे. भाकरी थापताना विचारलं, पोरांना पाढे म्हणायला लावून विचारलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती वर, मी खाली. टेम्पो गेला, दोन मोटारसायकली गेल्या. रस्ता मोकळा झाला. मी ओढणी वर केली. त्या क्षणी मला दाणे आठवले होते का? मला वाटतं, नव्हते. पण यावर शपथ घे म्हणाल तर मी घेणार नाही. ती सुटली, पहिलं वळण, दुसरं वळण, आणि मग मला एकदम सगळं दिसलं, तो सांधा, ते पिवळे दाणे, आणि त्यांच्याकडे येणारी ती. मी ओढणी खाली केली. ओरडले. वेगात असलेल्या माणसाला काय थांबवणार? आणि थांबायचं कशानं, ब्रेक तर माझ्या शिवणाच्या डब्यात.

चाकांचा आवाज अचानक बंद झाला. मग हेल्मेट काँक्रीटवर आपटल्याचा आवाज आला. तो मला अजून ऐकू येतो. कुकरचं झाकण हातातून पडलं तरी ऐकू येतो. एक काठी गडगडत माझ्या पायापर्यंत आली. मी कशी धावले मला माहीत नाही. ती कुशीवर पडली होती, गाल रस्त्याला टेकलेला, डोळे उघडे. डावा हात मनगटापाशी भलत्याच दिशेला वळलेला. ती म्हणाली, "मम्मी, दुसरी काठी कुठं गेली बघ."

शबानाभाभी धापा टाकत आल्या. खाली बघून म्हणाल्या, "या अल्ला, कोन्ही सांडलं हे सोयाबीन?"

आणि मी म्हणाले, "कुणाचं तरी असंल."

प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ट्रॉलीतनं सांडलं असंल." ज्या चढावरून वाहनंच जात नाहीत, तिथं कुठली ट्रॉली? पण भाभींनी मान हलवली आणि मीही हलवली.

मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर सुटलं तरी मूठ वळत नव्हती. कोर्सला जायच्या आधी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, ते मिळालं नाही. तो हिवाळा गेला. जानेवारीत तिच्या बरोबरीच्या मुली बर्फावरून व्हिडिओ पाठवायच्या आणि ती पलंगावर बसून बघायची. चादरीखाली तिचे पाय वळायचे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मी तिच्या मनगटाला तेल लावायचे, रबरी चेंडू दाबायला द्यायचे. ती कधी रडली नाही. मला रडू यायचं, आणि लोक म्हणायचे, आईचं काळीज. आता लिहायला बसलेच आहे तर हेही लिहायला हवं की त्या हिवाळ्यात मला झोप छान लागली. मुलगी शेजारच्या खोलीत होती, दोन्ही पाय जमिनीवर होते. इतकी शांत झोप मला त्याआधी वर्षभर लागली नव्हती, आणि सकाळी उठले की त्या झोपेचीच भीती वाटायची.

परवा दूध पुसलं, शाळेत गेले. दुपारी पोरं गेल्यावर वर्गात एकटीच बसले. फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेलं 'उतारा वाचा' असं लिहिलेलं होतं. मी फोन लावला.

"पडलंय," मी म्हणाले. "कालच पाह्यलं व्हतं मी."

"बरं. मी रविवारी येऊन राह्यले."

"प्रज्ञा, गेल्या वर्षीचं ते ट्रॉलीतलं नव्हतं. आपलंच व्हतं."

"माहितीय मला."

"कसं?"

"तोंडापुढंच तर व्हतं माझ्या. धुळीत खराट्याच्या रेघा व्हत्या. आपला खराटा एका बाजूनं झिजलेला हाय, रेघ वाकडी येती त्याची."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

मी तिथंच फोन ठेवू शकले असते. घाईत राहून गेलं, असं म्हणून मोकळी झाले असते आणि तिनंही ते मानलं असतं. 

"राह्यले न्हाईत ते," मी म्हणाले. "मला दिसले व्हते. दिसून सोडले मी."

पलीकडे कुठंतरी रिक्षाचा हॉर्न वाजला. मी मनाशी म्हणत होते, आता ही ठेवेल फोन, आता ही रविवारी येणार नाही, आता कधीच येणार नाही.

"का पण?" ती म्हणाली. आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"भ्या वाटत व्हतं गं. लई."

मग ती म्हणाली, "मला बी वाटतं. दर वेळी वाटतं. वर पिंपापाशी उभं राह्यलं की पाय लटपटतात. तू ओढणी वर केली की जातं."

मी उठून फळ्यावरचं उरलेलं पुसून टाकलं.

"रविवारी सहाला," ती म्हणाली. "झाडून ठेव."

ज्यांचं सोयाबीन होतं त्या काकूंना मी शनिवारीच सांगितलं. त्यांनी कुरकुरत भरून घेतलं. आज पहाटे फटफटायला लागताच मी खराटा घेऊन गेले. नवा आणला आहे. मी तो चढ आजवर कधी पूर्ण चढले नव्हते. नेहमी खालीच उभी. आज पिंपांपर्यंत गेले. पलीकडे खाली रूळ दिसले आणि मी पिंपाला घट्ट धरलं. मग वळून उतार बघितला. खाली कोपऱ्यावर मी जिथं उभी राहते ती जागा इथून पाटीएवढी दिसते. तिथं एक बाई हात वर करते आणि त्यावर विश्वास ठेवून ही स्वतःला खाली झोकून देते. मी खाली बसले, आणि बसूनच झाडायला सुरुवात केली. वरपासून खालपर्यंत. प्रत्येक सांध्यात बोट फिरवलं. सतरा दाणे निघाले. पदरात बांधले.

ती आली. आधीच्या दिवसांसारखंच बुटांचे पट्टे आवळले, वेळूच्या काठ्या घेतल्या. डावं मनगट एकदा फिरवून बघितलं. मी म्हणाले, "एकदा तू बी बघून घे रस्ता."

"न्हाई," ती म्हणाली. "तू सांग."

ती आता वर उभी आहे, बोटभर. माझ्या डाव्या मुठीत तो काळा रबरी ब्रेक आहे. सकाळी डब्यातून का उचलला कोण जाणे. एक टेम्पो गेला. एक मोटारसायकल गेली. रस्ता मोकळा आहे. शबानाभाभी थांबून माझ्याकडे बघताहेत. ती वर हलत नाही, घाई करत नाही, नुसती थांबली आहे. मी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत सगळा उतार बघितला, एकेक सांधा. मग मी ओढणी वर केली.